गाडीचं आयडलिंग खराब झालंय? पार्ट बदलण्याआधी हे तपासा

दिवाळीत साताऱ्याला घरी गेलो, तेव्हा बाबांनी गाडी विकायचं जवळजवळ ठरवलं होतं. पेट्रोलवर चालणारी जुनी हॅचबॅक. सिग्नलला थांबली की थरथरायची आणि मधूनच बंद पडायची. मागून हॉर्न वाजले की बाबा गोंधळून जायचे. गॅरेजवाल्याने "इंजेक्टर बदलावे लागतील" असं सांगितलं होतं. कशावरून, ते मात्र सांगितलं नाही.

मी सॉफ्टवेअरवाला, लॉग न बघता कोड बदलू नये हे रोज दुसऱ्यांना सांगतो. पण इथे मीही तेच केलं. अंदाजाने चारही स्पार्क प्लग बदलले आणि फरक शून्य! मग नीट क्रमाने तपासलं. तोच क्रम इथे देतोय. हे सगळं फ्यूएल इंजेक्शन असलेल्या पेट्रोल गाड्यांसाठी आहे.

आयडलिंग म्हणजे काय?

ॲक्सिलरेटरवर पाय नसताना इंजिन ज्या वेगाने फिरत राहतं, ते आयडलिंग. इंजिन गरम झाल्यावर हा वेग बहुतेक गाड्यांत ७०० ते ९०० आरपीएमच्या आसपास असतो. सकाळी थंड इंजिनला तो जास्त असतो, त्याची काळजी नको. एवढ्या कमी वेगात हवा, पेट्रोल किंवा ठिणगी यातलं एक जरी थोडं बिघडलं तरी लगेच जाणवतं. म्हणून हायवेवर ठीक वाटणारी गाडी सिग्नलला त्रास देते.

१. आधी काटा बघा

इंजिन गरम करा, एसी बंद ठेवा आणि आरपीएमचा काटा बघा.
- काटा स्थिर, पण केबिन थरथरतंय: इंजिन माउंटिंगवर संशय.
- काटा हळूहळू वरखाली होतोय: हवेची गळती किंवा थ्रॉटल बॉडी.
- मधूनमधून झटके बसतायत: मिसिंग, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट जळत नाहीये.

२. कोड वाचा

ओबीडी-२ असलेल्या गाडीत स्टीअरिंगच्या खालच्या बाजूला १६ पिनांचं सॉकेट असतं. त्यात ब्लूटूथ स्कॅनर लावला की मोबाइलवर कोड दिसतात. पी०३०० म्हणजे मिसिंग होतंय, पण एकाच सिलिंडरवर बोट ठेवता येत नाही. पी०३०१ ते पी०३०४ मध्ये शेवटचा आकडा सिलिंडरचा असतो. पी०१७१ म्हणजे मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. लक्षात ठेवा, कोड फक्त लक्षण सांगतो, कोणता पार्ट बदलायचा ते नाही. पुसण्याआधी स्क्रीनशॉट काढून ठेवा.

३. अदलाबदल करून बघा

आमच्या गाडीत पी०३०२ आला. प्रत्येक प्लगवर वेगळी इग्निशन कॉइल होती, म्हणून इंजिन बंद आणि थंड असताना दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या कॉइल आपसात बदलल्या. कोड पुसला, गाडी फिरवून आणली. आता पी०३०३ आला! दोष कॉइलसोबत सरकला, म्हणजे कॉइलच खराब.

कोड दुसऱ्याच सिलिंडरवर राहिला असता, तर तसाच प्लग बदलून बघायचा. मग वायरिंग, इंजेक्टर आणि शेवटी कॉम्प्रेशन. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही. इंजिन चालू असताना कॉइल कधीही उपसू नका, हजारो व्होल्टचा झटका बसू शकतो.

४. हवेची गळती

मिसिंगचा कोड नसेल तर इनटेकच्या रबरी नळ्या बघा. तडा गेलाय का, निसटलीय का, "सूंऽऽ" असा आवाज येतोय का? एमएएफ सेन्सर असलेल्या गाडीत ॲपमध्ये फ्यूएल ट्रिमही बघा. आयडलला तो +१० टक्क्यांच्या वर आणि २५०० आरपीएमला शून्याजवळ येत असेल, तर गळतीची शक्यता मोठी.

५. थ्रॉटल बॉडी

झडपेच्या कडेला काजळी साचली की आयडलची हवा अडते. थ्रॉटल बॉडी क्लीनरने ती साफ होते. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असेल तर झडप बोटाने ढकलू नका. काही गाड्यांत सफाईनंतर आयडल पुन्हा सेट करून घ्यावं लागतं.

कधी थांबायचं?

चेक इंजिन लाइट लुकलुकत असेल तर गाडी दामटू नका. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवर असलेल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये पोहोचतं आणि तो महागडा पार्ट तापून खराब होतो. चालत्या गाडीचं इंजिन बंद पडत असेल तर ती टो करूनच न्या. इंजिन बंद पडल्यावर ब्रेक एकदोनदा दाबला की पेडल कडक होतं आणि गाडी थांबवायला बरीच ताकद लागते.

आमच्याकडे शेवटी एकच कॉइल बदलली, इंजेक्टरना हातही लावला नाही. गाडी विकायचा विषय बाबांनी पुन्हा काढलेला नाही. आता गॅरेजमध्ये गेले की पहिला प्रश्न त्यांचाच असतो, "कोड काय आला?" तुम्हीही हाच विचारा.