शरणपूरचा खांदा

नाशिकच्या रिक्षावाल्याला शरणपूर रोड कुठे, हे सांगावे लागत नाही. पण हे ‘शरण’ कोणी घेतले आणि कशापासून, असे विचारले तर बहुतेक जण गप्प होतात.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम प्राइस यांनी ही ख्रिस्ती वसाहत वसवली. पुढे तिथे फार लांबून मुले आली. गुलामांची चोरटी वाहतूक करणारी गलबते इंग्रजांचे आरमार समुद्रात पकडत असे. सुटलेली आफ्रिकी मुले मुंबईत उतरत आणि त्यांतली अनेक शरणपुरात पोहोचत. इथे ती लिहायला-वाचायला, सुतारकाम, लोहारकाम शिकली. बाप्तिस्म्याबरोबर त्यांना नवी नावे मिळाली.

1866 मध्ये डेव्हिड लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या शेवटच्या प्रवासाला निघाले तेव्हा यांतले नऊ जण सोबत होते. त्यांच्या आळसाच्या तक्रारी साहेबांनी रोजनिशीत लिहून ठेवल्या आहेत. 1872 मध्ये आणखी सहा जण जाऊन मिळाले. त्यांत जेकब वेनराइट होता, मॅथ्यू वेलिंग्टन होता.

1873 च्या मे महिन्याच्या सुरुवातीला, आजच्या झांबियातल्या चितांबोच्या गावी लिव्हिंग्स्टन वारले. आता हुकूम देणारा कोणी उरला नव्हता. पगाराचीही खात्री नव्हती. देह तिथेच पुरून ही माणसे आपापल्या वाटेने गेली असती, तरी त्यांना कोणी बोल लावला नसता. पण चुमा आणि सुसी या जुन्या सोबत्यांच्या पुढाकाराने ठरले, की देह त्यांच्या माणसांकडे पोहोचवायचा.

त्यांनी हृदय एका झाडाखाली पुरले. जेकबने प्रार्थना वाचली आणि झाडाच्या खोडावर नाव कोरले. नाशिकात शिकलेली अक्षरे तिथे कामी आली. मीठ लावून देह उन्हात सुकवला, कापडात, झाडाच्या सालीत, शिडाच्या कापडात गुंडाळला आणि ते निघाले. समुद्र हजार मैलांहून दूर होता. वाटेत आजार आले, काही सोबती दगावले. उन्यान्येंबेला कॅमेरॉन नावाचा इंग्रज अधिकारी भेटला. देह इथेच पुरा, असे त्याने सुचवले. त्यांनी मानले नाही. पुढे प्रेत आपल्या मुलखातून न्यायला लोकांचा विरोध झाला. तेव्हा त्यांनी खोटे गाठोडे बांधून प्रेत परत पाठवल्याचे सोंग केले आणि खरा देह कापडाचा गठ्ठा म्हणून पुढे नेला. फेब्रुवारी 1874 मध्ये ते बागामोयोच्या किनाऱ्याला लागले.

तिथे बहुतेकांचा हिशेब चुकता करून त्यांना निरोप देण्यात आला. देहासोबत इंग्लंडला गेला तो एकटा जेकब. 18 एप्रिल 1874 रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत मानाने शवपेटीसोबत चालणाऱ्यांत तो होता. चुमा आणि सुसी विलायतेत पोहोचले ते अंत्यविधी उरकल्यावर.

आपल्या मराठीत ‘खांदा देणे’ असा सुंदर शब्दप्रयोग आहे. आम्हा मुसलमानांत अनोळखी माणसाचा जनाजा दिसला तरी लोक चार पावले खांदा देतात. मेलेला माणूस आभार मानत नाही, परतफेडही करत नाही. म्हणून ती सेवा निखळ. येशूने शेवटच्या रात्री कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले, ही गोष्ट जेकबने शाळेत ऐकली असणार. गुरूने पाय धुतले, मग शिष्याने काय करावे? याचे उत्तर या मंडळींनी नऊ महिने चालून दिले. त्यांत जेकब होता, तसा अब्दुल्ला सुसीही होता. सुसीचा बाप्तिस्मा झाला तो पुढे, 1886 मध्ये. ओझे उचलताना कोणी कोणाचा धर्म विचारला नसावा.

जेकब 1892 मध्ये आफ्रिकेतच वारला. त्याची रोजनिशी 2019 मध्ये इंटरनेटवर सर्वांसाठी खुली झाली. साहेबांच्या मृत्यूची हकीकत त्यांच्या सेवकाच्या हस्ताक्षरात आता कोणालाही वाचता येते. शरणपूर रोडवरून जाताना मला वाटते, ज्यांना या गावाने आसरा दिला, त्यांनी एका परक्या माणसाला त्याच्या घरी पोहोचवले. आपण निदान त्यांची नावे तरी लक्षात ठेवावीत.