बिग स्टार (बँड)

बिग स्टार हा अमेरिकेच्या टेनेसी राज्यातील मेम्फिस शहरात १९७१ साली स्थापन झालेला पॉप-रॉक बँड होता. ॲलेक्स चिल्टन, ख्रिस बेल, अँडी हमेल आणि जोडी स्टीफन्स हे त्याचे मूळ सदस्य. १९७० च्या दशकात त्यांच्या ध्वनिमुद्रिका फारच थोड्या श्रोत्यांपर्यंत पोहोचल्या. पुढे मात्र याच गाण्यांकडे त्या दशकाचा अस्सल सूर म्हणून पाहिले जाऊ लागले. बहुसंख्य चाहत्यांना ज्या गाण्यांची त्या काळातील प्रत्यक्ष आठवणच नाही, अशा गाण्यांभोवतीच्या स्मरणरंजनाचे हे ठळक उदाहरण आहे.

स्थापना व संगीत

चिल्टन यांनी वयाच्या सोळाव्या वर्षी ‘द बॉक्स टॉप्स’ या बँडसाठी गायिलेले ‘द लेटर’ हे गाणे १९६७ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचले होते. तो बँड सोडल्यानंतर ते बेल यांच्या गटात आले. ध्वनिमुद्रण जॉन फ्राय यांच्या आर्डेंट स्टुडिओत होई. बँडचे नाव परिसरातील किराणा दुकानांच्या एका साखळीवरून घेतलेले आहे. पहिल्या अल्बमचे नाव ‘नंबर वन रेकॉर्ड’ असे ठेवण्यात आले. त्याची विक्री पाहता हे नाव आज उपरोधिक वाटते.

बीटल्सच्या वळणाची स्वरसंगती, झणकारणारी गिटार आणि आटोपशीर लांबी ही या गाण्यांची वैशिष्ट्ये होत. सोल संगीतासाठी ओळखल्या जाणाऱ्या मेम्फिसमध्ये हा सूर वेगळाच होता.

वितरणातील अपयश

बँडच्या अपयशाचे कारण संगीतात नव्हे, वितरणव्यवस्थेत शोधावे लागते. आर्डेंटच्या ध्वनिमुद्रिका स्टॅक्स ही कंपनी बाजारात आणत असे आणि तिचा अनुभव मुख्यतः सोल संगीताचा होता. १९७२ मध्ये आलेल्या पहिल्या अल्बमची समीक्षकांनी प्रशंसा केली, परंतु दुकानांत त्याच्या प्रती मिळेनात. पुढे स्टॅक्सचे वितरण कोलंबिया रेकॉर्ड्सकडे गेले. त्या कंपनीला जुन्या स्वतंत्र वितरकांशी व्यवहार ठेवायचा नव्हता. परिणामी होत्या त्या प्रतीही दुकानांतून काढून घेण्यात आल्या. सुरुवातीच्या काळात १०,००० प्रतीही खपल्या नाहीत. त्याच वर्षाच्या अखेरीस बेल बँडमधून बाहेर पडले.

मे १९७३ मध्ये मेम्फिस येथे भरलेल्या संगीत-पत्रकारांच्या संमेलनात उरलेल्या तिघांनी वादन केले. तेथील प्रतिसादामुळे दुसऱ्या अल्बमचे काम पुढे सरकले. ‘रेडिओ सिटी’ हा अल्बम १९७४ मध्ये निघाला. विल्यम एगल्स्टन यांचे लाल छताचे प्रसिद्ध छायाचित्र त्याच्या मुखपृष्ठावर आहे. ‘सप्टेंबर गर्ल्स’ हे गाणे याच अल्बममधले. स्टॅक्स आणि कोलंबिया यांच्यातील वादात हाही अल्बम अडकला. १९७४ मध्ये ध्वनिमुद्रित झालेला तिसरा अल्बम कोणतीही कंपनी घेईना. तो १९७८ मध्ये प्रकाशित झाला, तोवर बँड विसर्जित झालेला होता. २७ डिसेंबर १९७८ रोजी बेल यांचे मोटार अपघातात निधन झाले. ते २७ वर्षांचे होते.

पुनर्शोध आणि स्मरणरंजन

१९८० च्या दशकात संगीतकारांच्याच पिढीने हा बँड पुढे आणला. आर.ई.एम.च्या सदस्यांनी त्याचे ऋण मान्य केले, बँगल्सने १९८६ मध्ये ‘सप्टेंबर गर्ल्स’ नव्याने गायिले आणि १९८७ मध्ये रिप्लेसमेंट्सने थेट ‘ॲलेक्स चिल्टन’ याच नावाचे गाणे रचले. रोलिंग स्टोन नियतकालिकाच्या ५०० श्रेष्ठ अल्बमांच्या २००३ मधील यादीत बँडच्या तिन्ही अल्बमांचा समावेश होता.

सर्वसामान्य प्रेक्षकांपर्यंत मात्र हे संगीत दूरचित्रवाणीमुळे पोहोचले. १९९८ मध्ये सुरू झालेल्या ‘दॅट सेव्हन्टीज शो’ या विनोदी मालिकेचे शीर्षकगीत बेल व चिल्टन यांच्या ‘इन द स्ट्रीट’ या १९७२ मधील गाण्यावर आधारित होते. मूळ ध्वनिमुद्रण वापरले गेले नाही. आधी टॉड ग्रिफिन यांनी आणि दुसऱ्या हंगामापासून चीप ट्रिक या बँडने ते सादर केले. ज्या दशकाने हे गाणे जवळजवळ ऐकलेच नाही, त्या दशकाची ओळख म्हणून ते घराघरांत वाजू लागले. प्रत्येक प्रक्षेपणामागे आपल्याला ७० डॉलर मिळतात, हा योगायोग चिल्टन यांना गमतीदार वाटत असे.

१९९३ मध्ये चिल्टन आणि स्टीफन्स यांनी दोन तरुण संगीतकारांसह बँड पुन्हा उभा केला. १७ मार्च २०१० रोजी चिल्टन यांचे न्यू ऑर्लीन्स येथे निधन झाले. त्याच आठवड्यात ऑस्टिन येथे बँडचा कार्यक्रम ठरलेला होता. तो रद्द न करता त्यांना आदरांजली म्हणून सादर करण्यात आला.