मूसची परीक्षा

गाडीचा तोल सांभाळणारी 'ईएससी' यंत्रणा बंद करायचं बटण बऱ्याच गाड्यांत असतं. चाकं चिखलात किंवा बर्फात रुतली की ते कामाचं. तिथे चाक थोडं गरगरायलाच हवं. पण काहीजण ते मोकळ्या रस्त्यावरही दाबतात. का, तर म्हणे 'माझा हात बसलाय'!

त्यांच्यासाठी १९९७ची गोष्ट. स्वीडनमध्ये मूस नावाचं थोराड हरीण अचानक रस्त्यात येतं. ते चुकवल्यासारखी गाडी झटक्यात वळवायची, ही तिथली चाचणी. एका मासिकाने ती मर्सिडीजच्या नव्या ए-क्लासवर घेतली. चालवणारा मुरलेला, तरी गाडी उलटली. १९९५मध्ये महागड्या एस-क्लासमध्ये आलेली ही यंत्रणा मग कंपनीने प्रत्येक ए-क्लासमध्ये बसवली. २०१४पासून युरोपात ती सर्व नव्या मोटारींना सक्तीची आहे.

गाडी घसरू लागली की ती नेमक्या एका चाकाला ब्रेक लावते. आपल्या पायाखाली चारही चाकांचा मिळून एकच ब्रेक! हात कितीही बसलेला असो, हे कसं जमणार?

अमेरिकेतला नियम मला आवडला. बंद केलेली यंत्रणा गाडी पुन्हा सुरू करताना सहसा आपोआप चालू झालीच पाहिजे. माणसाच्या आठवणीवर भरवसा नाही. तेव्हा मुलांनो, चिखलातून बाहेर पडलात की आधी ते बटण पुन्हा दाबा.