मॉस्कोहून परतलेले खानखोजे

क्रांतीचा देश पाहून परतलेल्या हिंदी क्रांतिकारकांत वर्ध्याचे डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे यांचा मार्ग वेगळा ठरला; निराशेनंतर ते ना दुसऱ्या पक्षाकडे वळले, ना अध्यात्माकडे, ते मक्याच्या कणसाकडे वळले. टिळकांच्या विचारांनी भारलेला हा तरुण जपानमार्गे अमेरिकेत गेला, तेथे कृषिशास्त्र शिकला आणि १९१३ मध्ये स्थापन झालेल्या गदर (म्हणजे बंड) पक्षाच्या उभारणीत सामील झाला. पुढे पहिल्या महायुद्धात तो इराणमध्ये ब्रिटिशांविरुद्ध लढला.

१९२१ मध्ये क्रांतिकारक वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय, विवेकानंदांचे धाकटे बंधू भूपेंद्रनाथ दत्त आणि अमेरिकन लेखिका अ‍ॅग्नेस स्मेडली यांच्यासमवेत खानखोजे बर्लिनहून मॉस्कोला गेले. कॉमिन्टर्नने, म्हणजे जगभरच्या कम्युनिस्ट पक्षांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, हिंदी स्वातंत्र्यलढ्याला मदत करावी, असा त्यांचा प्रयत्न होता. आधी इंग्रजी सत्ता उलथावी, असे या गटाचे म्हणणे होते, तर हिंदी कम्युनिस्ट नेते मानवेंद्रनाथ रॉय यांचा भर कम्युनिस्ट पक्ष उभारण्यावर होता. वाद लांबला, रॉय यांचे पारडे जड झाले आणि मंडळी रिकाम्या हाताने बर्लिनला परतली.  चट्टोपाध्याय नंतर पुन्हा सोव्हिएत रशियात गेले आणि १९३७ मध्ये स्टालिनच्या राजवटीने त्यांना गोळ्या घातल्या. खुद्द रॉय यांनाही १९२९ मध्ये कॉमिन्टर्नने काढून टाकले, म्हणजे वादात जिंकलेल्याच्या पदरीही फारसे काही पडले नाही.

रॉय मेक्सिकोतून मॉस्कोला आले होते. खानखोजे मात्र १९२४ मध्ये उलट मेक्सिकोलाच गेले. १९१० च्या क्रांतीनंतर तेथे जमिनीच्या फेरवाटपाचा प्रश्न ऐरणीवर होता आणि ज्याला जमीन मिळेल त्याला ती कसायची कशी हे शिकवणारे हवे होते. चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिविद्यालयात प्राध्यापक असताना खानखोजे यांनी मका आणि गहू यांच्या नव्या वाणांवर काम केले आणि गरीब शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषिशाळा चालवल्या. मक्याचा संकर हे चिकाटीचे काम असते. कणसाचे केस बाहेर पडण्याआधीच त्यावर पिशवी चढवायची, निवडलेल्या ताटाच्या तुऱ्यातला पराग गोळा करून तो त्या केसांवर झटकायचा, पुन्हा पिशवी बांधायची आणि दाणा भरेपर्यंत थांबायचे. तीना मोदोत्ती या इटालियन छायाचित्रकर्तीने या कामाची छायाचित्रे टिपली, तर मेक्सिकन चित्रकार दिएगो रिव्हेरा यांनी मेक्सिको शहरातील शिक्षणखात्याच्या भिंतीवर खानखोजे यांना पंगतीच्या अग्रभागी भाकर वाटताना रंगवले.

१९३६ मध्ये, पन्नाशी उलटल्यावर, त्यांनी बेल्जियन तरुणी जान सिंडिक यांच्याशी विवाह केला आणि मुलींची नावे सावित्री व माया ठेवली. मायदेश मात्र लवकर दार उघडेना. स्वातंत्र्यानंतरही ब्रिटिश काळातल्या बंदीचा आधार घेऊन त्यांचा प्रवेश प्रथम नाकारला गेला. ज्या राज्याविरुद्ध ते लढले, त्याचीच यादी स्वतंत्र भारताचे कारकून चाळत होते, हे निराशेचे दुसरे आणि बहुधा अधिक बोचरे प्रकरण म्हणावे लागेल. अखेर ते नागपुरात स्थायिक झाले, पण मेक्सिकोत मिळालेल्या जबाबदारीच्या तोडीचे काम त्यांच्या वाट्याला आले नाही.

याच काळात कोल्हापूर जिल्ह्यात, गारगोटीला, शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक यांनी १९५२ मध्ये मौनी विद्यापीठ उभारून ग्रामीण शिक्षणाचा मोठा प्रयोग मांडला. शेतकऱ्याला त्याच्या शिवारात विद्या मिळावी, हे चापिंगोचे सूत्र या भागाला परके नव्हते. खानखोजे यांच्यासारख्या माणसाचा असा उपयोग मात्र कोणी करून घेतला नाही. लेखिका वीणा गवाणकर यांनी त्यांचे चरित्र लिहिले, तेव्हा अनेक मराठी वाचकांना हे नाव प्रथमच कळले.

खानखोजे जानेवारी १९६७ मध्ये नागपुरात वारले. त्याच्या आदल्याच वर्षी भारत सरकारने अन्नटंचाईवर उपाय म्हणून १८,००० टन गव्हाचे बियाणे परदेशातून आणले होते, आणि ते मेक्सिकोचे होते.