मोती, मुत्ता आणि मुक्ता

ज्वारीचं कणीस भरलं की आपण म्हणतो, मोत्यासारखे दाणे आलेत. पोराचं अक्षर चांगलं असलं की मोत्यासारखं अक्षर. म्हातारपणी डोळ्यात उतरतो तोही मोतीबिंदूच. एवढा हा शब्द आपल्या घरातला आहे. पण तो आला कुठून?

संस्कृतात मोत्याला 'मुक्ता' आणि 'मौक्तिक' म्हणतात. प्राकृतात मौक्तिकाचे 'मोत्तिय' झाले आणि त्याचाच पुढे मोती झाला. पालि भाषेत मोत्याला 'मुत्ता' म्हणतात. शिंपल्यातून सुटलेला, मोकळा झालेला म्हणून मुक्ता, असा अर्थ सांगण्याची जुनी रीत आहे. काही भाषापंडितांचे मत मात्र वेगळे आहे. तमिळमध्ये मोत्याला 'मुत्तु' म्हणतात आणि पूर्वी मोती निघत ते तामिळनाडू व श्रीलंका यांच्यामधल्या मन्नारच्या आखातात. तेव्हा शब्द दक्षिणेतून उत्तरेत गेला व त्याला संस्कृत वेष चढवताना 'मुक्ता' झाला, असे ते म्हणतात. माल जिथला, शब्दही तिथला, हे पटण्यासारखे आहे.

या मोत्यांचा आपल्या इतिहासाशीही संबंध आहे. इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात श्रीलंकेचा राजा देवानंपिय तिस्स याने सम्राट अशोकाला नजराणा पाठवला. त्यात आठ प्रकारचे मोती होते, असे 'महावंस' ग्रंथ सांगतो. घोडा, हत्ती, रथ, आवळा, कडे, अंगठी अशी त्यांची नावे. अशोकाने परत भेटी तर पाठवल्याच, पण सोबत निरोप दिला की, मी बुद्ध, धम्म आणि संघ यांना शरण गेलो आहे, तुम्हीही जा. पुढे महिंद थेर तिथे गेले. मोती इकडे आले आणि धम्म तिकडे गेला!

तथागतांनीही धम्म समजावताना मोत्याचा उल्लेख केला आहे. 'उदान' या ग्रंथातील उपोसथ सुत्तात महासागराचे आठ गुण येतात. सागरात मोती आदी रत्ने असतात, तशी धम्मातही रत्ने आहेत, आणि अष्टांगिक मार्ग हे त्यातले एक. सागराची चव एकच, खारट. तशी धम्माची चवही एकच, विमुत्तीची. नद्या सागरात मिळाल्या की त्यांची नावे उरत नाहीत, तसे संघात आल्यावर कुणाचे कुळ-गोत्र उरत नाही. नद्यांचा हाच दाखला बाबासाहेबांनी १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात दिला. आता गंमत पाहा. पालित 'मुत्ता' म्हणजे मोती आणि 'मुत्त' म्हणजे सुटलेला, स्वतंत्र.

आपल्या पूर्वजांच्या वाट्याला मात्र यातले काहीच नव्हते. चांडाळांचे दागिने लोखंडाचे असावेत, असे मनुस्मृती सांगते. मोती तर दूरच राहिला, सुटकाही नव्हती.

अशा काळात पुण्यात जोतिराव आणि सावित्रीबाईंच्या शाळेत मातंग समाजातली मुक्ता साळवे शिकत होती. १८५५ साली, चौदा वर्षांची असताना, मांग-महारांच्या दुःखावर तिने निबंध लिहिला. तो 'ज्ञानोदय' पत्रात छापून आला. वेद वाचायचा अधिकारच नाही, तर आमचा धर्म कोणता, असा जाब त्या पोरीने विचारला. तिचे नाव मुक्ता. म्हणजे मोती, आणि मोकळी झालेलीसुद्धा!

तिच्या प्रश्नाला १०१ वर्षांनी दीक्षाभूमीवर उत्तर मिळाले.

आज आपल्या लेकी-सुना लग्नाकार्यात मोत्याचा सर घालतात. जरूर घालाव्यात, त्यावर आता कुणाची बंदी नाही. पण गळ्यातला मोती चोर नेऊ शकतो, शिक्षण आणि शील कुणी नेऊ शकत नाही. घरात मुलीचे नाव मुक्ता ठेवाल तेव्हा तिला मोत्याचा अर्थ सांगा, आणि त्या निबंधाची गोष्टही सांगा.