प्रारंभिक ग्रामीण मेथडिस्ट मंडळ्या : संघटन व समूहजीवन

जॉन वेस्ली यांच्या प्रेरणेने इंग्लंडमध्ये उदयास आलेली मेथडिस्ट चळवळ अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेच्या ग्रामीण भागात पसरली. १७८४ मध्ये बाल्टिमोर येथील परिषदेत तेथे स्वतंत्र मेथडिस्ट एपिस्कोपल चर्चची स्थापना झाली. वस्ती विरळ असल्यामुळे अनेक ठिकाणांचे मिळून एक 'सर्किट' केले जाई व प्रवासी धर्मोपदेशक घोड्यावरून त्यात फिरत असे. एक फेरी पूर्ण होण्यास कित्येक आठवडे लागत.

मधल्या काळात मंडळी कोण सांभाळी, या प्रश्नाचे उत्तर 'क्लास' या लहान गटात सापडते. १७४२ मध्ये ब्रिस्टल येथे प्रार्थनागृहाचे कर्ज फेडण्यासाठी सुमारे १२ जणांचे गट करून दर आठवड्याला माणशी एक पेनी गोळा करण्याचे ठरले. या आर्थिक व्यवस्थेतूनच परस्परांची आत्मिक विचारपूस करणारी रचना घडली. गटप्रमुख हा धर्मोपदेशक नसून सामान्य सभासद असे. त्रैमासिक सभेत हिशेब होत. प्रीतिभोजनात भाकर व पाणी वाटून घेत स्त्री-पुरुष आपले अनुभव सांगत.

एकोणिसाव्या शतकात स्थायी पाळक नेमले जाऊ लागले, तसतशी क्लासची प्रथा क्षीण झाली. मंडळ्यांना स्थैर्य लाभले. परंतु सामान्य सभासदाकडील जबाबदारी मात्र कमी झाली. पाळकाची अनुपस्थिती हेच प्रारंभिक मंडळ्यांच्या सामूहिक सामर्थ्याचे एक प्रमुख कारण होते, असे म्हणता येईल.