मामांचा कोट

आमचे मामा गावात ‘जरा विचित्र’ म्हणून ओळखले जात. भर वैशाखात अंगात लोकरी कोट. बोलणे एका विषयावर सुरू होई आणि कुठल्या कुठे जाऊन थांबे. दोन माणसे हळू बोलू लागली की ती आपल्याचविषयी बोलताहेत, अशी त्यांना शंका येई. जन्मापासून पाहिलेल्या भाच्यांसमोरही ते परक्यासारखे अवघडून बसत. त्यांच्या थोरल्या भावाला मात्र मनोरुग्णालयात ठेवावे लागले होते. एक वेडा, दुसरा तऱ्हेवाईक; घरात एवढीच विभागणी होती.

ही विभागणी झुरिकच्या ऑयगेन ब्लॉयलरला पुरेशी वाटली नव्हती. छिन्नमनस्कतेला १९०८ साली नाव देणारा तोच. या विकाराचा सुप्त प्रकारच सर्वांत अधिक आढळतो, पण असे लोक उपचाराला क्वचितच येतात, असे त्याने १९११ च्या ग्रंथात नोंदवले. १९५३ साली सँडोर राडोने अशांसाठी ‘स्किझोटाइप’ हा शब्द घडवला.

पण खरा उलगडा झाला तो कोपनहेगनच्या दत्तकनोंदींतून. केटी, रोझेंथाल आणि वेंडर यांनी १९२४ ते १९४७ या काळातील ५,४८३ दत्तक मुलांच्या नोंदी तपासल्या. त्यांपैकी पुढे छिन्नमनस्क झालेल्यांचे दोन्हीकडचे नातेवाईक शोधले. १९६८ साली निष्कर्ष आला: विकार आणि त्याच्या सौम्य छटा जन्मदात्यांच्या कुळात अधिक आढळल्या, वाढवणाऱ्यांच्या कुळात नाहीत. त्या सौम्य छटांवरूनच स्पिट्झर आणि सहकाऱ्यांनी १९७९ साली लक्षणे बेतली. १९८० साली अमेरिकन वर्गीकरणात ‘स्किझोटायपल व्यक्तिमत्त्व-विकृती’ दाखल झाली. आज त्यात नऊ लक्षणे आहेत. तरुणपणापासून टिकून राहिलेली पाच पुरतात. बहुतेकांना पुढे छिन्नमनस्कता होत नाही, हेही सांगितले पाहिजे.

मी काही वैद्य नव्हे. शिवाय देवाला कौल लावणारा आमचा सारा गाव या यादीत बसेल की काय, अशी मला धास्ती होती. पण समाजात रुजलेली श्रद्धा लक्षण धरू नये, असे तिथेच बजावले आहे. रात्रीच्या आगगाडीची शिट्टी आपल्यालाच बोलावते, ही समजूत मात्र गावात एकट्या मामांची होती. शिट्टी वाजली की ते कोट घालून दाराशी जाऊन उभे राहत, आणि आम्ही पोरे आत पांघरुणात तोंड खुपसून हसत असू.